धावपट्टीच्या पुढचा रस्ता

आज राजकारण नाही. आज एका खेळातल्या विमानतळाचं परीक्षण लिहितोय. थोडं लांब आहे, पण शेवटपर्यंत वाचा. विषय आपल्याच भागाचा आहे.

आपल्या बुलढाणा जिल्ह्याला विमानतळ नाही. विमान पकडायचं म्हटलं की आपली पहिली धाव चिकलठाण्याला, म्हणजे छत्रपती संभाजीनगरला, तेव्हाच्या औरंगाबादला. माझ्या कॉलेजात शिकणाऱ्या भाच्याला विमानं चालवायचा नाद. प्रत्यक्ष नाही, कॉम्प्युटरवर. फ्लाइट सिम्युलेटर म्हणतात त्याला. परवा त्यानं त्यात चिकलठाण्याचा विमानतळ कुणा हौशी माणसानं बनवलेला, फुकटातला, उतरवून घेतला आणि म्हणाला, "मामा, तुम्ही नाटकाचं लिहिता, पुस्तकाचं लिहिता. याचं लिहा की."

आधी हे प्रकरण काय ते सांगतो. मायक्रोसॉफ्टचा हा खेळ १९८२ पासून आहे. तेव्हा पडद्यावर चार रेषा आणि काही ठिपके दिसायचे. ऑगस्ट २०२० मध्ये त्याची नवी आवृत्ती आली आणि तीत उपग्रहाची छायाचित्रं वापरून अख्खी पृथ्वी बसवली. सदतीस हजारांवर विमानतळ. पण त्यातले हातानं नीट घडवलेले जेमतेम तीस-चाळीस, तेही जगातले मोठे. बाकीच्या ठिकाणी कॉम्प्युटर धावपट्टी बरोबर जागेवर टाकतो आणि इमारती मात्र कुठल्याही ठेवून देतो. मग जगभरचे हौशी लोक आपापल्या गावचा विमानतळ फोटो बघून, मोजमापं काढून बनवतात आणि इतरांना देतात. कुणी फुकट, कुणी पैसे घेऊन. याला म्हणतात सीनरी.

तर चिकलठाण्याची सीनरी. टर्मिनलची इमारत छान उतरलीय. काचा, छप्पर, समोरची गाड्यांची रांग, सगळं ओळखू येतं. कंट्रोल टॉवर जागेवर आहे. धावपट्टीवर ०९ आणि २७ हे आकडे, त्यावर टायरचे काळे पट्टेसुद्धा आहेत. (०९ म्हणजे ९० अंश, तोंड पूर्वेला. २७ म्हणजे २७० अंश, तोंड पश्चिमेला. जगात सगळीकडे असंच असतं.) रात्रीचे दिवे जरा जास्त झगमगीत वाटले. कुंपणाच्या आतल्या कामाला मी दहापैकी आठ गुण देईन. फुकटात एवढी मेहनत कोण करतं?

पहिल्या दिवशी आम्ही छोटं विमान घेऊन पूर्वेला निघालो. जालना गेलं, सिंदखेड राजा आलं. जिजाऊंचं जन्मस्थान, लखुजीराव जाधवांचा राजवाडा शोधत दोन घिरट्या घातल्या. पडद्यावर त्या जागी साधी घरं उभी होती, कुठल्याही गावात असतात तशी. कॉम्प्युटरला राजवाडा आणि गोदाम यांतला फरक कळत नाही. त्याला वरून छप्पर दिसतं, तो खाली भिंती लावून मोकळा होतो. इंग्लंडच्या राणीच्या बकिंगहॅम पॅलेसचं याच खेळानं ऑफिस करून टाकलं होतं. ऑस्ट्रेलियात मेलबर्नला तर गंमतच झाली. नकाशात माहिती भरताना एकानं दोन मजल्यांऐवजी २१२ मजले लिहिले आणि साध्या वस्तीत आभाळाला भिडणारा मनोरा उभा राहिला! लोणार मात्र छान दिसलं. पावणेदोन-दोन किलोमीटर रुंदीचा तो खड्डा जमिनीच्या उंच-सखलपणातच असल्यामुळे कुणी काही न बनवताही नीट उमटतो.

दुसऱ्या दिवशी भाच्यानं मोठं विमान घेतलं. बोइंग ७३७. पुन्हा ०९ वरून, पूर्वेकडे. विमान धावायला लागलं तसं माझ्या तोंडून निघालं, "अरे, पुढं रस्ता आहे, बीडचा." तो म्हणाला, "कुठला रस्ता?"

त्याचा दोष नाही. तेव्हा त्याचा जन्मही झाला नव्हता.

२६ एप्रिल १९९३. मी शाळेत होतो. संध्याकाळी आकाशवाणीच्या बातम्यांना घरात सगळे गप्प बसलेले मला आजही आठवतात. इंडियन एअरलाइन्सचं ४९१ क्रमांकाचं विमान दिल्लीहून जयपूर, उदयपूर करत औरंगाबादला आलं होतं आणि तिथून मुंबईला निघालं होतं. हेच बोइंग ७३७, हीच धावपट्टी, हीच पूर्वेची दिशा. आत ११८ माणसं. दुपारी एकच्या सुमारास विमान धावलं. धावपट्टी तेव्हा आजच्यापेक्षा आखूड होती आणि तिच्या टोकापुढून, कुंपणाबाहेरून, बीडचा रस्ता आडवा जायचा. त्या रस्त्यावरून त्याच क्षणी एक ट्रक चालला होता. कापसाच्या गाठी भरलेला.

तो ट्रक कसा दिसत असेल हे आपल्या जिल्ह्यातल्या माणसाला सांगायला नको. खामगाव, मलकापूर, नांदुऱ्याच्या जिनिंग-प्रेसिंगमधून निघालेले ट्रक आपण जन्मभर बघतोय. पट्ट्यांनी आवळलेल्या गाठी, थरावर थर, केबिनच्या वर आणखी दोन हात. नाक उशिरा उचललेल्या विमानाची डावीकडची चाकं आणि इंजिन त्या ट्रकला धडकलं. विमान तसंच पुढं गेलं, सुमारे तीन किलोमीटरवर विजेच्या उच्चदाबाच्या तारांत अडकलं आणि कोसळलं. ५५ जण गेले, ६३ वाचले.

चौकशी झाली. निष्कर्षाचे दोन भाग होते. एक, वैमानिकांनी विमानाचं नाक उशिरा आणि चुकीच्या पद्धतीनं उचललं. हे बहुतेकांना माहीत असतं. दुसरा भाग लोक विसरले. विमानांच्या वेळेत बीड रस्त्यावरची वाहतूक नियंत्रित करण्यात तेव्हाचं राष्ट्रीय विमानतळ प्राधिकरण अपयशी ठरलं. सोप्या भाषेत सांगायचं तर रेल्वे येताना जसं फाटक पडतं, तसं विमान सुटताना तिथं वाहनं थांबायला हवी होती. ती थांबली नाहीत. ट्रकवाला आपल्या रस्त्यानं चालला होता. सार्वजनिक रस्ता होता तो.

हे सगळं मी भाच्याला सांगितलं. मग म्हटलं, आता मुद्दाम उशिरा नाक उचल. त्यानं उचललं. विमान टोकावरून खालून-खालून गेलं आणि काहीच झालं नाही. खाली शेतं आणि रस्ते होते, पण चित्रातले. रस्त्यावर गाड्या होत्या, पण उपग्रहाच्या फोटोत आलेल्या, सपाट, रांगोळीसारख्या. "यात चालत्या गाड्या नसतात का रे?" मी विचारलं.

"असतात ना मामा. सेटिंगमध्ये आहे. मीच बंद ठेवल्यात. कॉम्प्युटरवर लोड येतो."

मी थोडा वेळ काही बोललोच नाही. जे काम १९९३ मध्ये एका अख्ख्या प्राधिकरणाकडून झालं नाही, ते पोरानं एक बटण सरकवून केलं होतं. आणि तेही सुरक्षिततेसाठी नव्हे, कॉम्प्युटर गरम होऊ नये म्हणून.

म्हणून या सीनरीबद्दल माझी तक्रार बनवणाऱ्याविषयी नाही. त्यानं आजचा फोटो बघितला, आजचा विमानतळ बनवला. आज धावपट्टी ९,३०० फुटांची आहे. त्याला १९९३ चं टोक दिसणार कुठून? वरून काढलेल्या फोटोत फक्त ज्या दिवशी फोटो काढला तो दिवस असतो. काल तिथं काय होतं हे ज्यांनी पाहिलं त्यांनीच सांगावं लागतं.

याच खेळात उलटंही घडलंय. अमेरिकेत शिकागो शहरात तळ्याकाठी मेग्ज फील्ड नावाचा छोटा विमानतळ होता. कित्येक वर्षं हा खेळ सुरू केला की विमान तिथंच उभं दिसायचं. मार्च २००३ च्या अखेरीस तिथल्या महापौरांनी रातोरात बुलडोझर पाठवून धावपट्टीवर मोठमोठ्या फुल्या खणल्या. विमानतळ संपला. पण जुन्या खेळात तो तसाच राहिला आणि लोक आजही तिथं उतरतात. म्हणजे एखादी जागा जपायची असं कुणी ठरवलं, तर ती जपता येते. चिकलठाण्यापुढचा तो रस्ता जपावा असं कुणाला वाटलं नाही, एवढंच. विमानतळ म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांपुढं टर्मिनलच्या काचा येतात.

आता हे आज कशाला उकरून काढतोय? कारण विमानतळ हा आपल्या भागात दर निवडणुकीचा विषय आहे. १६ एप्रिल २०२५ ला अमरावतीचं बेलोरा सुरू झालं. अकोल्याच्या शिवणीची धावपट्टी लांबवायचा प्रश्न कृषी विद्यापीठाच्या जमिनीपाशी वर्षानुवर्षं घुटमळला. विमानतळ व्हावेत, माझा विरोध नाही. पण १२ जून २०२५ ला अहमदाबादला विमान उडालं ते कुंपणापलीकडच्या मेडिकल कॉलेजच्या वसतिगृहावर पडलं. जेवायला बसलेल्या पोरांचा विमानाशी काय संबंध होता? त्या अपघाताचं कारण वेगळं असेल, पण धावपट्टीच्या पुढं कोण राहतं हा प्रश्न तोच आहे.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी नेता काचेच्या टर्मिनलचं चित्र दाखवेल, तेव्हा त्याला एकच विचारा. साहेब, धावपट्टी संपते तिथून पुढं काय आहे? कुणाचं शेत, कुणाची शाळा, कुठला रस्ता, कुठल्या तारा? आणि विमान सुटताना तिथलं फाटक कोण पाडणार?

सीनरीला एकूण गुण दहापैकी सहा. भाच्यानं काल चालत्या गाड्या सुरू केल्या. कॉम्प्युटर जरा अडखळतो, पण चालतं म्हणाला.

तुमच्यापैकी कुणी १९९३ चा तो दिवस जवळून पाहिला असेल, त्या रस्त्यानं गाडी चालवली असेल, तर नक्की लिहा. मी जपून ठेवीन.