शिरेत रुजलेली तार

मंडळी, मुरुडात उभं राहून १९५८ साल म्हटलं की अण्णासाहेब कर्वेच आठवणार. त्यांची शंभरी पूर्ण झाली, भारतरत्न मिळालं, ते हे वर्ष. त्याच वर्षी ऑक्टोबरात स्टॉकहोमला आर्ने लार्सन या ४३ वर्षांच्या रुग्णाच्या शरीरात पहिला पेसमेकर बसवला गेला. तो काही तासच चालला. पण वीसहून अधिक पेसमेकर बदलत लार्सन २००१ पर्यंत जगले! ही गोष्ट सगळे सांगतात. ती डबीची गोष्ट आहे. मला आज तारेबद्दल बोलायचंय.

लार्सन यांची छाती उघडावी लागली होती. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये सिमोर फर्मन यांनी शिरेतून तार सरकवत हृदयाच्या उजव्या कप्प्यात पोचवली. छाती उघडायला नको. पण तार जागेवरून निसटायची. म्हणून पुढे टोकाला दाते आले, स्क्रू आले. त्या काळी सगळी खटपट तार टिकवण्याची. ती कधी काढावी लागेल, हा विचार मागेच राहिला.

त्यात शरीरही भर घालतं. गडग्यालगतच्या आंब्याला तारेचं कुंपण अडकवा, काही वर्षांनी खोड ती तार गिळतं. तसंच तारेभोवती तंतूंचं आवरण चढतं, शिरेला आणि हृदयाला चिकटतं, कधी त्यात चुनाही साठतो. जोरात ओढलं तर शीर किंवा हृदय फाटू शकतं.

डबीचं तसं नाही. ती कातडीखाली असते, बॅटरी संपली की बदलता येते. मुंबईच्या होली फॅमिली रुग्णालयात तर अमेरिकेत काढलेली, निर्जंतुक केलेली १०६ डिफिब्रिलेटर यंत्रं ८१ गरजू रुग्णांना बसवली. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात जंतुसंसर्ग आढळला नाही. पण जिथे डबीच्या जागी पू होतो, तिथे नुसत्या अँटिबायोटिकने भागत नाही. डबी आणि तार, सगळं काढावं लागतं.

सुरुवातीला काय करायचे? तारेला वजन बांधून कप्पीवरून लोंबकळत ठेवायचे! हाड मोडल्यावर पायाला बांधतात तसं. १९८०च्या दशकाअखेरीस अमेरिकेत चार्ल्स बर्ड यांनी पद्धत बसवली. तारेच्या पोकळीतून टोकापर्यंत दुसरी बारीक तार घालून ती आत अडकवायची, म्हणजे पकड येते. मग बाहेरून नळी चढवत चिकटलेलं सोडवत जायचं. टोकाशी नळी हृदयाच्या भिंतीला टेकवून धरायची, म्हणजे ओढताना भिंत आत खेचली जात नाही. ही टेकवण्याची युक्ती मला लेसरपेक्षा मोठी वाटते.

लेसरच्या नळीची चाचणी १९९९ साली प्रसिद्ध झाली. पूर्ण तार निघाली ९४ टक्के, लेसरविना ६४. पण जिवावर बेतणारे तीन प्रसंग लेसरच्याच गटात घडले, त्यात एक मृत्यू. म्हणून असं काम हृदयशस्त्रक्रियेची तयारी असेल तिथेच करायचं. आपल्याकडून त्यासाठी पुणं-मुंबई गाठायला हवी.

आणि काढणं नेहमीच शहाणपणाचं नसतं. १९९४ मध्ये अॅक्युफिक्स नावाच्या तारेतला आधाराचा तुकडा मोडून हृदयाला टोचतो, असं कळलं. घाबरून अनेकांनी तारा काढून घेतल्या. नंतरच्या नोंदींतून दिसलं, की बऱ्याच रुग्णांना तारेपेक्षा ती काढण्याचाच धोका जास्त होता.

आता बिनतारी पेसमेकर आलेत, कॅप्सूलएवढे, थेट हृदयात बसणारे. वाटलं, तारेची कटकट संपली. २०१६ मध्ये त्यातल्याच एका जातीच्या बॅटऱ्या अचानक बंद पडू लागल्या, आणि डॉक्टर मांडीच्या शिरेतून नळी घालून त्या कॅप्सूल परत काढायला निघाले.