खातं शाखेत होतं तेव्हा

स्टेट बँकेच्या पासबुकावर आजही शाखेचं नाव छापलेलं असतं. पण तुमचं खातं त्या शाखेत नसतं. २००२ ते २००८ या काळात बँकेने देशभरातली खाती शाखांमधून उचलून एका मध्यवर्ती यंत्रणेत नेली. आज आपण भाजीवाल्याला दहा रुपये फोनवरून देतो, त्याच्या मुळाशी हे काम आहे.

त्याआधी खातं खरोखरच शाखेत राहायचं. जाडजूड लेजर, त्यात क्लार्कची नोंद, त्यावर अधिकाऱ्याची सही. गावी पैसे पाठवायचे तर ड्राफ्ट काढायचा. संगणकाला कर्मचारी संघटनांचा विरोध होता. नोकऱ्या जाण्याची भीती होती. १९८३ साली बँका आणि संघटनांमध्ये करार झाला आणि शाखांत लेजर पोस्टिंगची यंत्रं आली, तीही मर्यादित. नव्वदच्या दशकात मोठ्या शाखा संगणकीकृत झाल्या, तरी प्रत्येकीचा सर्व्हर वेगळा. म्हणजे लेजर कागदावरून पडद्यावर आलं, पण शाखेबाहेर पडलं नाही.

याच दशकात नव्या खासगी बँका उभ्या राहिल्या. त्यांच्या पाठीवर जुन्या नोंदींचं ओझं नव्हतं. स्टेट बँकेकडे मात्र सुमारे ९,००० शाखा होत्या.

एवढी यंत्रणा बँकेने स्वतः लिहायची ठरवली असती, तर किती वर्षं गेली असती कोण जाणे. २००२ मध्ये काम टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसकडे, म्हणजे टीसीएसकडे, गेलं. मूळ सॉफ्टवेअर सिडनीच्या एफएनएस या कंपनीचं होतं, सर्व्हर एचपीचे. पुढे २००५ मध्ये टीसीएसने एफएनएसच विकत घेतली.

बाहेरून पाहिलं तर ही एका कंत्राटाची गोष्ट वाटते. पण जुन्या यंत्रणेतून नव्या यंत्रणेत डेटा हलवण्याचं काम ज्यांनी केलंय, त्यांना माहीत असतं की कोड हा त्यातला सोपा भाग. कठीण असतात ते प्रश्न: ‘एस. पाटील’ आणि ‘सुरेश पाटील’ एकच का? या खात्याला जन्मतारीख का नाही? या कर्जावरचं व्याज कुठल्या नियमाने धरलंय? शाखेची एकूण शिल्लक जुळत नाही तोवर पुढे जाता येत नाही. आणि ही उत्तरं कुठल्याही दस्तऐवजात नसतात. ती लेजर सांभाळणाऱ्यांच्या डोक्यात असतात.

इथेच एक विचित्र योग आला. काम देण्याच्या जेमतेम वर्षभर आधी, २००१ मध्ये, बँकेतून वीस हजारांहून अधिक कर्मचारी स्वेच्छानिवृत्ती घेऊन गेले होते. जे उरले त्यांच्या आधारावरच हे स्थलांतर झालं. नवी मुंबईतल्या बेलापूरला बँकेचे स्वतःचे अधिकारी टीसीएसच्या इंजिनिअरांसोबत बसले. सरकारी भरणा, पेन्शन, ट्रेझरी हे सिडनीच्या सॉफ्टवेअरला शिकवायला बँकिंग जाणणारा माणूसच लागतो. शाखा टप्प्याटप्प्याने जोडल्या गेल्या आणि २००८ पर्यंत सुमारे दहा हजार शाखा एका यंत्रणेवर आल्या. २०१७ मध्ये पाच सहयोगी बँका स्टेट बँकेत विलीन झाल्या, तेव्हा त्याही याच सॉफ्टवेअरवर होत्या. नाहीतर तो डोंगर पुन्हा चढावा लागला असता.

२००६ मध्ये टीसीएस आणि स्टेट बँकेने मिळून सी-एज ही कंपनी काढली. जिला स्वतःची यंत्रणा परवडत नाही अशा सहकारी आणि ग्रामीण बँकांना ती तयार सेवा देते. कल्पना चांगली, गरज खरी. पण ३१ जुलै २०२४ रोजी रॅन्समवेअर हल्ल्यानंतर एनपीसीआयने खबरदारी म्हणून सी-एजला पेमेंट व्यवस्थेपासून तात्पुरतं तोडलं, आणि सुमारे ३०० लहान बँकांच्या ग्राहकांचं यूपीआय बंद पडलं. दुसऱ्या दिवशी ते पूर्ववत झालं.

जुन्या काळी एका शाखेचं लेजर भिजलं तर त्याच शाखेचं नुकसान व्हायचं. आता सगळ्यांचं लेजर एकच आहे, म्हणून ते समजणारी माणसं घरात असायला हवीत. स्टेट बँकेकडे ती होती. त्या ३०० बँकांच्या शाखांत त्या दिवशी ग्राहकांना देण्यासारखं उत्तर कुणाकडे असणार? बिघाड त्यांच्या इमारतीत नव्हताच.