उदासीन झोताची हकीकत

सन १९५५ च्या ऑगस्टमध्ये जिनिव्हा येथील अणुशक्ती परिषदेच्या अध्यक्षपदावरून डॉ. होमी भाभा यांनी भाकीत केले की, सूर्याच्या पोटात चालणारे अणुसंमीलन मनुष्य दोन दशकांत ताब्यात आणील. ती मुदत उलटून अर्धशतक लोटले. तेवढ्यावरून भाभांना हसणे आम्हांस रुचत नाही. खरी अडचण कोठे होती, ते पाहावे.

चुंबकीय कड्यात कोंडलेल्या प्लाझ्मातून वीजप्रवाह सोडला की तो शेगडीच्या तारेसारखा तापतो. परंतु जसजसा तापतो तसतसा त्याचा विद्युतरोध घटतो आणि तापणे मंदावते. संमीलनास दहा कोटी अंशांहून अधिक उष्णता हवी. ती बाहेरूनच पुरवणे भाग होते. वेगवान कण आत फेकावेत, तर विद्युतभारित कणांना चुंबकीय क्षेत्र वळवून लावते आणि भाररहित कणांना विजेने वेग देता येत नाही! उपाय असा निघाला : भारित कणांना प्रथम वेग द्यायचा, मग त्यांना वायूतून नेऊन उदासीन करायचे. असा झोत सरळ आत शिरतो, तेथील टकरींत पुन्हा भारित होऊन अडकतो आणि आपली ऊर्जा वाटून टाकतो. अडवले जाणारे सामान नाक्याबाहेर ठेवून आत शिरण्याचीच ही युक्ती. सरकारी नोकरीत आयुष्य गेलेल्या आम्हांस तिचे कौतुक वाटल्याशिवाय राहत नाही.

१९७८ मध्ये प्रिन्स्टनच्या पी.एल.टी. यंत्रात या झोतांनी आयनांचे तापमान सहा कोटी अंशांपलीकडे नेले. मात्र झोत वाढवावा तशी ऊर्जा अधिकच निसटते, असेही अनुभवास येऊ लागले. १९८२ मध्ये जर्मनीतील गार्शिंग येथे फ्रिट्झ वाग्नर यांना वेगळेच आढळले : झोताची शक्ती एका मर्यादेपलीकडे जाताच प्लाझ्माच्या कडेला आपोआप बांध पडला आणि ऊर्जा सुमारे दुप्पट काळ टिकू लागली. पुढील यंत्रांची आखणी याच शोधावर उभी आहे.

इंग्लंडमधील जेट यंत्राने १९९७ मध्ये १६ मेगावॅट संमीलनशक्ती दिली. परंतु तापविण्यास त्याहून अधिक खर्ची पडली होती.

फ्रान्समध्ये उभारल्या जात असलेल्या इटर यंत्रासाठी दहा लाख व्होल्टचे झोत योजले आहेत. एवढ्या वेगात धन आयन उदासीन होत नाहीत, म्हणून ऋण आयन घ्यावे लागतात. त्यांच्यावरील जादा इलेक्ट्रॉन सहज गळतो. त्याच यंत्रासाठी एक लाख व्होल्टचा एक धाकटा झोत पुरविण्याची जबाबदारी भारताकडे आहे. ते काम आम्हां बडोदेकरांच्या शेजारी, गांधीनगरला चालते. हा झोत भट्टी तापविण्यासाठी नाही. आत हेलियमची राख किती साठली, हे पाहण्यासाठी आहे.