बेंजो पथकातील स्वरमेळ

लालबाग-परळच्या गणपती मिरवणुकांत वाजणाऱ्या बेंजो पथकांचे सहवादन. हा बेंजो पाश्चात्त्य बँजोहून वेगळा. जपानात १९१२ च्या सुमारास घडलेल्या ताइशोगोतोचा तो भारतीय अवतार, टंकयंत्रासारख्या कळा दाबून वाजवायचा. मुख्य तारा एकाच सुरात लावलेल्या असल्याने कळ दाबताच सगळ्या एकत्र बोलतात. चाल ठसठशीत निघते, भिन्न सुरांचा एकत्रित भरणा मात्र नाही. तो भरणा पथकातला कीबोर्डवाला पुरवतो. कीबोर्डचा सूर पक्का, तार मात्र उतरते. उतरली की दोघांचे भांडण सुरू, आणि ढोल-ताशांच्या दणदणाटात वादकाला त्याचा पत्ताही लागत नाही. म्हणून तारा आधीच कीबोर्डशी जुळवून घ्याव्या लागतात. अशाच पथकावर रवी जाधव यांचा ‘बँजो’ हा हिंदी चित्रपट २०१६ मध्ये आला.