जळण ओढण्याची व फोडण्याची घरगुती साधने : सोलापूर जिल्हा

सोलापूर जिल्ह्याच्या ग्रामीण भागात सरपण तोडणे, ओढणे, वाहणे आणि फोडणे या कामांसाठी लोकांनी स्वतः, किंवा गावच्या लोहार-सुतार-वेल्डरकडून, जुन्या वस्तूंतून करून घेतलेली अवजारे. दुकानात तयार मिळणारी कुऱ्हाड या नोंदीत येत नाही. ती मोडून, वाकवून, जोडून तिचे पुढे जे होते ते येते.

जिल्हा पर्जन्यछायेतला, उघड्या माळांचा. तुराट्या, जोंधळ्याची धसकटे आणि गोवऱ्या यांवर चुलीचे बरेच दिवस भागतात. लाकूड म्हणावे असे जे मिळते ते बहुतेक बाभळीचे, वेड्या बाभळीचे, नाहीतर लिंबाचे. बाभळीचे जळण उत्तम: वाळलेले लाकूड किलोला सुमारे 4,800 ते 4,950 किलोकॅलरी उष्णता देते आणि निखारा बराच वेळ धरते. वेडी बाभूळ मूळची अमेरिका खंडातली. तिचे बी 1877 साली जमैकाहून आजच्या आंध्र प्रदेशातील कमलापुरमला आले, आणि पुढे ओढे, गायराने, रस्त्याच्या कडा तिने कुणाला न विचारता व्यापल्या. दोघींनाही काटा, आणि इथल्या बहुतेक युक्त्या त्या काट्यापायीच निघालेल्या.

पहिले साधन आकडी. लांब वेळूच्या टोकाला विळ्यासारखे वाकवलेले पाते. धनगर शेळ्यांना पाला पाडायला वापरतात तेच, फक्त जळणासाठी पाते जरा जाड. दुसरे बेळके: टोकाला दोन फाटे असलेली चार-पाच हात लांब फांदी. तिने तोडलेली काटेरी फांदी दाबायची, उचलायची, ढकलायची. बेळक्याला दाम लागत नाही, म्हणूनच बहुधा त्याची कुठे नोंद होत नाही. पण काटे भरलेल्या हाताने एकदा तरी जळण आणलेला माणूस बेळक्याशिवाय पुन्हा ओढ्यात उतरत नाही. वेड्या बाभळीचा काटा मोडून आत राहिला की पाय सुजतो. त्यावरचा तोडगा ट्रकच्या जुन्या टायरच्या तळाची चप्पल: जड, ओबडधोबड, पण काट्याला दाद न देणारी.

काट्यांच्या फांद्या एकावर एक रचून, दोरीने आवळून जो ढीग ओढत न्यायचा त्याला फेसाटी म्हणतात. (शेजारच्या जत तालुक्यातले लेखक नवनाथ गोरे यांच्या ‘फेसाटी’ या कादंबरीला 2018 चा साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मिळाला, तेव्हा शहरी वाचकांपैकी अनेकांनी हा शब्द पहिल्यांदा ऐकला.) फेसाटी रचण्यातही कसब आहे. सगळ्या फांद्यांचे बुडखे पुढे, शेंडे मागे. असे ओढले की डहाळ्या मागे मिटतात आणि ढीग घसरत येतो. उलटे ओढले तर तोच ढीग छत्रीसारखा उघडतो आणि वाटेतले झुडूप न् झुडूप धरून बसतो.

साफ केलेल्या लाकडाची मोळी होते. ती बायकांच्या डोक्यावरून, चुंबळीवर, कोसाकोसाने आली आहे. वीस-पंचवीस किलोची मोळी ही नेहमीची गोष्ट. सायकल आली तसा हा भार काहीसा उतरला. जळणाची सायकल बसायची नसतेच, ढकलायची असते. कॅरिअरवर आडवी फळी किंवा लोखंडी अँगल, त्यावर दोन्हीकडे बाहेर आलेली लाकडे, आणि आवळायला टायरच्या ट्यूबचे कापलेले पट्टे. सुती दोरी खड्ड्यात सैल पडते, ट्यूब ताण धरून ठेवते. पुढे लुना (1972 पासून बाजारात) आणि एम-80 यांनी हेच काम केले. एम-80 च्या मागे वेल्डरकडून जोडून घेतलेली जाळी अजून आठवडी बाजारात दिसते.

मोठ्या खोडांना मात्र बैल किंवा ट्रॅक्टर लागतो, आणि इथे साखर कारखानदारी कामी येते. ऊसतोडीच्या टायरगाडीवर हंगामात दीड-दोन टन ऊस जातो. गाडी मोडीत निघाली की तिचा कणा आणि चाके शेतकरी घेतो, वर बाभळीच्या आडव्या टाकतो आणि जळणाचा बुटका गाडा तयार होतो. बुटका मुद्दाम ठेवलेला. खोड उचलून टाकायचे नसते, पहारीने लोळवत चढवायचे असते, त्यामुळे साटा गुडघ्याच्या खाली असावा लागतो. विहिरींवरच्या मोटा बंद पडल्यावर त्यांचे जाड नाडेही काही वर्षे खोडे ओढण्यातच झिजले.

फोडण्याच्या अवजारांचा कच्चा माल म्हणजे ट्रकचा कमानपाटा. त्याचे पोलाद कणखर. रस्त्याकडेला पाल टाकणारे घिसाडी रुळाच्या तुकड्याची ऐरण करून या पाट्यातून कुऱ्हाड, कोयता, आकडीचे पाते घडवतात; भात्याच्या जागी अनेकांकडे सायकलच्या चाकाने फिरणारा पंखा असतो. पाते तांबडे झाले की फक्त धारेकडची बाजू पाण्यात बुडवायची. सगळेच पाते कडक केले तर गाठीवर तुकडा उडतो. दांडा पुन्हा बाभळीचाच. गोतास काळ म्हणतात तो हा.

बाभूळ आणि लिंब यांचे तंतू एकमेकांत गुंतलेले असतात, त्यामुळे नुसत्या कुऱ्हाडीने खोड दुभंगत नाही. तेथे पाचर आणि घण लागतो. मोडीतल्या ॲक्सलच्या तुकड्याला धार काढून पाचर करतात. पहिली पाचर चीर पाडते, दुसरी त्या चिरेत पुढे ठोकतात, म्हणजे पहिली मोकळी होते. पंचतंत्रातल्या माकडाने अर्धवट चिरलेल्या ओंडक्यातून जी पाचर उपसली ती याच जातीची. तंत्रात तेव्हापासून फारसा बदल नाही. घणाचे घाव खाऊन पाचरीचे डोके फुलते आणि त्याच्या कडा उडून डोळ्यात जाऊ शकतात. ते वेळच्या वेळी घासून घेणे हे सर्वांना ठाऊक असते, क्वचितच कुणी करते. जाणती माणसे खोड ओले असतानाच फोडतात आणि फोडी वाळवतात. वाळलेली बाभळीची गाठ म्हणजे घणाची आणि माणसाची दोघांची परीक्षा.

अलीकडे ट्रॅक्टरच्या पीटीओवर (इंजिनाची ताकद बाहेर देणाऱ्या फिरत्या दांड्यावर) किंवा मोटरीवर बसवलेला आट्यांचा पोलादी शंकू आला आहे. टोक लाकडात शिरते, आटे लाकूड आत खेचतात आणि जाडी वाढेल तसे ते फाटते. काम झपाट्याने होते. पण पीटीओ मिनिटाला 540 फेरे घेतो. उपरणे, पदर किंवा सैल बाही आट्यात सापडली तर हात काढायला सवड मिळत नाही. गावठी बनावटीच्या यंत्रांवर झाकण नसते, बंद करायचा खटका चालकाच्या हातापासून दूर असतो. प्रस्तुत लेखकाच्या मते या नोंदीतले सर्वांत धोकादायक साधन हेच, कुऱ्हाड नव्हे.

साधन हाताशी असले तरी प्रत्येक झाड तोडता येत नाही: चिंच, आंबा, जांभूळ अशी झाडे शेतात असली तरी 1964 च्या वृक्षतोड अधिनियमाखाली परवानगीवाचून तोडता येत नाहीत. 2016 मध्ये उज्ज्वला योजना सुरू झाली, अनेक घरांत सिलिंडर आला. त्याने चहा-भाजी सांभाळली, भाकरी आणि अंघोळीचे पाणी मात्र बऱ्याच ठिकाणी जळणावरच राहिले. म्हणून फोड किती लांब हे अजूनही चुलीच्या तोंडावरून ठरते, साधारण हातभर. फोडताना उडालेल्या ढलप्या आणि साली खताच्या रिकाम्या पोत्यात भरून न्हाणीपाशी ठेवतात. त्या बंबाला लागतात.