३८६ चा निरोप

हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या तरुणाने १९९१ च्या जानेवारीत एक संगणक हप्त्यांनी विकत घेतला. त्याची स्मृती अवघी चार मेगाबाइट होती आणि आत इंटेल कंपनीचा ३८६ नावाचा प्रोसेसर होता. या यंत्राचे अंतरंग जाणून घेण्याच्या हौसेतून त्याने जी प्रणाली लिहावयास घेतली, तीच आज लिनक्स या नावाने सर्वत्र ओळखली जाते. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये तिची वार्ता देताना, ही प्रणाली ३८६ खेरीज अन्य यंत्रांवर चालण्याचा फारसा संभव नाही, अशी कबुलीही त्याने मोकळेपणाने दिली होती.

पुढे घडले ते नेमके उलट. प्रणाली जगभर गेली, हातातील दूरध्वनीपासून महासंगणकापर्यंत पोहोचली. आणि १९९१ नंतर एकवीस वर्षांनी, डिसेंबर २०१२ मध्ये, ३८६ लाच तिच्यातून निरोप देण्यात आला. ज्या अंगणात ती रांगली, त्या अंगणाचेच दार तिने लावून घेतले. फेब्रुवारी २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेली ३.८ ही आवृत्ती ३८६ वर चालेनाशी झाली.

हे का करावे लागले? जुने यंत्र सांभाळावयाचे म्हणजे थोडी जागा अडेल, एवढेच आपल्याला वाटते. परंतु प्रश्न जागेचा नव्हता. ३८६ हा १९८५ सालचा प्रोसेसर. प्रणालीचा गाभा हा जणू यंत्राचा कारभारी असतो. स्मृतीचा एखादा भाग 'येथे लिहू नये' असा राखून ठेवला, तर ३८६ इतरांना तेथे अडवी, पण खुद्द कारभाऱ्याचा हात मात्र त्याला धरता येत नसे. म्हणून गाभ्याला प्रत्येक लेखनापूर्वी स्वतःच तपास करून घ्यावा लागे. दुसरे उणे याहून सूक्ष्म आहे. स्मृतीतील एखादी किंमत पाहावयाची, ती अपेक्षेप्रमाणे असेल तरच बदलावयाची, आणि या दोन क्रियांच्या मध्ये अन्य कोणी शिरू द्यावयाचा नाही, अशी एक अखंड आज्ञा १९८९ च्या ४८६ प्रोसेसरात आली. ३८६ ला ती ठाऊकच नव्हती. तिची उणीव भरून काढण्यासाठी बाहेरून येणारे सारे निरोप क्षणभर थोपवून तेवढे काम उरकावे लागे.

अनेक प्रोसेसरांच्या नव्या यंत्रांत ही अखंड आज्ञा म्हणजे साऱ्या व्यवहाराचा पाया. त्या पायात काही सुधारणा करू जाता दर वेळी ३८६ साठी वेगळी वाट काढावी लागे, आणि ती वाट नीट चालते की नाही हे पाहावयास तसे यंत्र बहुतेकांजवळ उरलेले नव्हते. इंगो मोल्नार यांनी हा आधार काढून टाकण्याची सूचना केली ती याच त्रासामुळे, आणि टोरवाल्ड्स यांनी कसलीही भावविवशता न दाखवता ती स्वीकारली. मला यात कृतघ्नता दिसत नाही. ज्याची परीक्षाच होत नाही तो आधार नावापुरता असतो, आणि त्यावर विसंबणाऱ्याची त्यात फसवणूकच होते. शिवाय प्रणालीचा मूळ मजकूर सर्वांना खुला असल्याने मागील आवृत्ती कोणाच्या हातून कोणी हिरावून घेतलेली नव्हती.

तरीही गरिबाच्या जुन्या यंत्राचे काय, हा प्रश्न उरतोच. त्याचे उत्तर शोधणारेही निघाले. 'डॅम स्मॉल लिनक्स' ही प्रणाली पन्नास मेगाबाइटांत बसे. भेटपत्राच्या आकाराच्या तबकडीवर ती मावावी म्हणून ही मर्यादा हट्टाने पाळलेली. सोळा मेगाबाइट स्मृतीच्या ४८६ वरही ती चाले. २००८ नंतर ती थांबली. तिच्या कामातील एक सहकारी रॉबर्ट शिंगलडेकर यांनी 'टायनी कोअर' ही त्याहूनही लहान प्रणाली सिद्ध केली. २०२४ साली जुने नाव पुन्हा अवतरले, तेव्हा मर्यादा सातशे मेगाबाइटांची झाली होती. आजची संकेतस्थळे उघडू शकणारा ब्राउझर पन्नास मेगाबाइटांच्या संसारात घेणार कसा?

आपल्यापुरती येथे आणखी एक अडचण आहे, आणि तिचा उच्चार या चर्चेत क्वचितच होतो. अतिजुन्या यंत्रावर चित्रमय पडदा सोडून केवळ अक्षरांच्या पडद्यावर काम भागवावे, असा सल्ला दिला जातो. इंग्रजी लिहिणाऱ्याला तो पुरतो. परंतु लिनक्सच्या त्या पडद्यावर फार तर पाचशे बारा अक्षराकृती मावतात, आणि जोडाक्षरे जुळवण्याची सोय तेथे नाही. 'ज्ञानेश्वर' हा शब्द सरळ उमटावा एवढ्यासाठी मराठी माणसाला चित्रमय पडदा, टंक आणि अक्षरे जुळवणारी यंत्रणा हा सारा लवाजमा बरोबर घ्यावा लागतो. म्हणजे प्रणालीचा हलकेपणासुद्धा लिपी पाहून ठरतो!

नावे मात्र माणसांप्रमाणे यंत्रांचीही मागे उरतात. 'डेबियन' या प्रसिद्ध संग्रहात ३२ बिटांच्या यंत्रांची शाखा आजही 'आय ३८६' म्हणून ओळखली जाते. वस्तुतः २०१७ च्या आवृत्तीपासून तिला ६८६ वर्गाहून जुना प्रोसेसर चालत नाही, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या तेराव्या आवृत्तीत त्या शाखेसाठी ना स्वतंत्र गाभा आहे, ना नवी प्रणाली बसविण्याची सोय. त्याच वर्षी लिनक्सच्या गाभ्यातून ४८६ लाही निरोप द्यावा, असा प्रस्ताव मांडला गेला.

'आय ३८६' शाखा आता मुख्यतः जुने प्रोग्रॅम चालावेत म्हणून राखली आहे. त्या प्रोग्रॅमांशी जुळते राहावे म्हणूनच २०२४ मध्ये ३२ बिटांच्या अन्य शाखांची कालगणना रुंद केली, तेव्हा हिची जुनीच ठेवली. १ जानेवारी १९७० पासून सेकंद मोजणारी ती गणना १९ जानेवारी २०३८ रोजी संपते. त्यानंतरच्या सेकंदाला तिच्या घड्याळात डिसेंबर १९०१ उजाडेल.