‘सर्व्हर डाऊन’ का होतो? वेबसाईटची लोड टेस्ट म्हणजे काय, जाणून घ्या सविस्तर

पेठ : सकाळी मजुरी बुडवून केंद्रावर यायचं, रांगेत बसायचं आणि दुपारी ‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या’ हे ऐकून परत पाड्यावर जायचं. पेठसारख्या डोंगराळ तालुक्यात हा हेलपाटा कोणाला नवीन नाही. पण दरवेळी दोष आपल्या रेंजचाच असतो असं नाही. कधी कधी पलीकडची वेबसाईटच गर्दीखाली दबलेली असते.

गर्दी कुठे अडकते?

लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी सप्टेंबर २०२५ मध्ये सुरू झाली. मुदत आधी १८ नोव्हेंबर होती, पुढे ती ३१ डिसेंबरपर्यंत वाढली. सुरुवातीच्या काळात ओटीपी येत नाही, पान पुढे सरकत नाही, अशा तक्रारी राज्यभरातून आल्या. महिन्याचे १५०० रुपये यावर अवलंबून, त्यामुळे जीव टांगणीला.

त्याआधी कोविन पोर्टलवरही असंच झालं होतं. २८ एप्रिल २०२१ ला दुपारी ४ वाजता १८ वर्षांवरील सर्वांसाठी लसीची नोंदणी खुली झाली. सुरुवातीला अनेकांना ओटीपीच आला नाही. तरी त्या दिवसात १ कोटी ३० लाखांहून जास्त नोंदण्या झाल्या.

लोड टेस्ट म्हणजे काय?

वेबसाईट लोकांसाठी खुली करण्याआधी तिच्यावर मुद्दाम खोटी गर्दी सोडून बघतात, तिला लोड टेस्ट म्हणतात. त्यासाठी अपाची जेमीटरसारखी फुकट मिळणारी साधनं आहेत. एकच कॉम्प्युटर शेकडो माणसांसारखा वागतो. आधी १००, मग ५००, मग हजार असं वाढवत जायचं आणि किती गर्दीला वेबसाईट अडखळते ते बघायचं.

लॉगिन करून चाचणी का हवी?

रेशन दुकानाचं उदाहरण घ्या. शंभर माणसं दुकानासमोरून नुसती चालत गेली तर दुकानदाराला काही ताण नाही. पण शंभर जणांनी मशीनवर अंगठा ठेवला, कार्ड तपासलं, धान्य मोजून घेतलं, की खरी परीक्षा. वेबसाईटचंही तसंच. पहिलं पान उघडणं हलकं, लॉगिन आणि फॉर्म जमा करणं जड.

लॉगिन झाल्यावर वेबसाईट प्रत्येकाला एक गुप्त पास देते, त्याला टोकन म्हणतात. चाचणीतल्या प्रत्येक खोट्या माणसाने स्वतःचा ताजा टोकन दाखवायला हवा. नाहीतर वेबसाईट ‘परत लॉगिन करा’ एवढंच पान देते. ते पान झटपट येतं. उत्तरात काय आलं हे कोणी तपासलं नाही, तर अहवालात सगळं ‘पास’ दिसतं, आणि प्रत्यक्षात एकही फॉर्म भरलेला नसतो.

प्रत्येकाची माहिती वेगळी का?

एकच नंबर हजार वेळा टाकला तर वेबसाईट पहिलं उत्तर लक्षात ठेवून तेच पुन्हा देऊ शकते. खऱ्या दिवशी हजार बायांचे हजार नंबर, वेगळी गावं, वेगळी खाती असतात. म्हणून चाचणीसाठी बनावट नावं-नंबरांची यादी करतात आणि प्रत्येक फेरीत पुढची ओळ वापरतात. खऱ्या लोकांचे आधार नंबर यात वापरू नयेत.

ओटीपीची अडचण वेगळीच. चाचणीत खरे एसएमएस पाठवत नाहीत, ठरलेला नकली ओटीपी चालवतात. त्यामुळे एसएमएसची वाट वेगळी तपासावी लागते. ती राहिली, तर पहिल्या दिवशी तिथेच गाडं अडतं.

अमेरिकेतही हेच

आरोग्य विम्याची हेल्थकेअर डॉट गव्ह ही वेबसाईट १ ऑक्टोबर २०१३ ला सुरू झाली. पहिल्या दिवशी विमा निवडून नोंदणी पूर्ण झाली फक्त ६ जणांची. मोठा अडथळा होता खातं उघडण्याच्या पायरीवर.

आपण काय करावं?

- स्क्रीनवर ५०३ किंवा ५०४ आकडा दिसला, तर बिघाड बहुधा पलीकडचा. फोन बदलून उपयोग नाही, काही वेळाने बघा.
- ४०१ आलं, तर लॉगिन संपलंय. पुन्हा लॉगिन करा.
- ओटीपीचं बटण परत परत दाबू नका. नवा ओटीपी मागितला की जुना सहसा चालत नाही.
- शेवटच्या तारखेची वाट बघू नका. रात्री उशिरा किंवा पहाटे गर्दी कमी असते.
- तारीख-वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट ठेवा. तक्रार करताना तो कामी येतो.
- ‘सर्व्हर डाऊन आहे, मी करून देतो’ म्हणून फोनवर ओटीपी मागणाऱ्याला तो देऊ नका.

शिकणाऱ्या पोरांसाठी एक सूचना : लोड टेस्ट फक्त स्वतःच्या किंवा लेखी परवानगी मिळालेल्या वेबसाईटवरच करायची. दुसऱ्याची वेबसाईट मुद्दाम गर्दी करून बंद पाडणं हा माहिती तंत्रज्ञान कायदा २००० नुसार गुन्हा आहे. ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

नवीन योजनेचं पोर्टल आलं की ‘वेबसाईट सुरू झाली का’ एवढंच विचारून भागत नाही. ‘लॉगिन करून, वेगवेगळ्या नावांनी, खऱ्या गर्दीएवढी तपासली का’ हेही ग्रामसभेत, तहसीलला विचारता येतं. कारण चाचणी राहिली, तर हेलपाटा गावातल्या माणसालाच पडतो.